लंगड्याची लेक

धर्माजी : टॉर्च सरळ मडक्यात मारू नकोस, मृणाल. भिंतीवर मार. परत येईल तेवढा उजेड पुरे.

मृणाल : पण आजोबा, मडक्याचं तोंड केवढंसं आहे. मला नुसता अंधार दिसतोय.

धर्माजी : डोळ्यांना जरा वेळ दे. आई बाहेर आलीय ना त्यांची?

मृणाल : आलीय. काठीवर बसून मला शिव्या देतेय. हां, दिसलं. एक निळं. आणखी एक निळं. एक हिरवं, ते सगळ्यांच्या अंगावर पाय देऊन बसलंय. आणि मागे... आजोबा!

धर्माजी : ओरडू नकोस गं.

मृणाल : पांढरं आहे! मिठासारखं पांढरं. आणि डोळे लाल.

धर्माजी : हं.

मृणाल : नुसतं हं? मी बालवाडीत होते तेव्हापासून ऐकतेय, यंदा पांढरा येणार, यंदा पांढरा येणार. मी शाळेतसुद्धा सांगितलंय, माझे आजोबा पोपटांचे नवे रंग काढतात म्हणून. बाई म्हणाल्या, पोपट पाळायला बंदी आहे ना? मी म्हटलं, ती रानातल्या पोपटाला. हे बजरी, परदेशातले चिमुकले पोपट, मडक्यात अंडी घालतात.

धर्माजी : बरोबर सांगितलंस. आता टॉर्च विझव. आईला आत जाऊ दे, पिल्लं थंड पडतील.

मृणाल : तुम्हाला आनंद नाही झाला?

धर्माजी : झाला होता. पहिल्या दिवशी झाला. मग खोकला आला, आणि खोकता खोकता तो कुठं गेला ते कळलं नाही.

नलू : अवो! परत त्या खोलीत शिरलात? डाक्टरनी काय सांगितलंन? पोरीला घेऊन पडवीत या आदी. पिसांची धूल खाऊन खाऊन छातीचा भाता झालाय, तरी पाय तिकडंच.

धर्माजी : आलो, नलू. पोरीला एकदा दाखवायचं होतं.

नलू : दाखवलात ना? मंग दार लावा. आता सांजंला त्या पाखरांच्या दुकानवाल्या चिरागचा टेम्पो आला का मी ती खोली फिनेलनं धुनार हाय.

मृणाल : आजी, म्हणजे सगळे नेणार तो? सगळे?

नलू : सगले. पिंजरे, मडकी, पाखरांना घालायच्या राल्याचं पोतं. एक पीस ठेवायचा न्हाय या घरात. तुज्या आजोबांना दोन जिने चढवत न्हाईत आता. बाजारात मासली इकायला बसून मी जेवडी धूल खाल्ली न्हाय, तेवडी ह्यांनी घरात बसून खाल्ली.

मृणाल : लंगडा पण?

नलू : ता मना काय इचारतेस? तुज्या आजोबांना इचार.

मृणाल : आजोबा? लंगडा पण नेणार? त्याला कोण घेईल? तुम्हीच म्हणायचात, वाकड्या पायाच्या पाखराला गिऱ्हाईक नसतं.

धर्माजी : बस इथं. पायरीवर बस. त्या डब्यात शिंपले आहेत ना, ते इकडे दे.

नलू : लागली शाळा भरायला. शाळा सोडून एवडी वर्षं झाली, गुरुजी काय सुटले न्हाईत.

धर्माजी : काळे शिंपले वेगळे कर, पांढरे वेगळे. केलेस? आता मला सांग, पांढऱ्या पिल्लाची आई कुठली?

मृणाल : ती निळी. माझ्यावर ओरडणारी.

धर्माजी : आणि बाप?

मृणाल : त्या पिंजऱ्यात तर... थांबा. त्या पिंजऱ्यात लंगडा आहे. पण लंगडा हिरवा आहे! साधा हिरवा.

धर्माजी : साधा हिरवा. काशीदच्या किनाऱ्यावर चणे-शेंगदाण्यांशेजारी पिंजऱ्यात घालून विकतात, तसला. पर्यटक पोरांचा हट्ट म्हणून घेतात, तसला. मीही दर वर्षी जागा करायला हिरवे नर आधी काढून टाकायचो. निळे ठेवायचो. निळ्याला निळी, त्या निळ्यांच्या पोरांना परत निळी. मला वाटायचं, पांढरा निघेल तो निळ्यातूनच निघेल. दिसायला तोच जवळचा ना?

मृणाल : हो. फिका करत करत नेला की पांढरा.

धर्माजी : तू म्हणतेस तसंच मी म्हणत होतो. आता बघ. हिरव्यातला पिवळा गेला की निळा उरतो. निळ्यातला गडदपणा गेला की पांढरा. पिवळ्याचं गणित निराळं आहे, ते पुढच्या सुट्टीत. आज नुसतं गडदपणाचं बघू. हा काळा शिंपला म्हणजे गडद. पांढरा शिंपला म्हणजे गडद नाही. नराकडे असे दोन शिंपले असतात. मादीकडे एकच.

मृणाल : एकच का?

धर्माजी : पाखरांत तसंच आहे. लंगड्याचे दोन मांड. एक काळा, एक पांढरा. आता काळा पांढऱ्यावर ठेव. काय दिसतं?

मृणाल : काळा.

धर्माजी : पांढरा गेला का?

मृणाल : नाही, खाली आहे. झाकला गेलाय.

धर्माजी : आता त्याची मुलगी. मुलीला शिंपला एकच, आणि तो बापाकडूनच मिळतो. समज, तिच्या वाट्याला खालचा पांढरा आला. तो झाकायला तिच्याकडे दुसरा आहे?

मृणाल : नाही. म्हणून ती पांढरी दिसते! म्हणजे बापानं जे लपवलं होतं ते मुलीच्या अंगावर दिसतं. आणि आजोबा, म्हणजे हे पांढरं पिल्लू मादीच असणार. मुलगा असता तर त्याला आईकडून काळा शिंपला मिळाला असता. वरून झाकायला.

धर्माजी : शाब्बास. हे मी तुला सांगितलं नव्हतं.

नलू : म्हंजे नर लपवतो आनि मादीला लपवता येत न्हाय. या घरात तरी तसाच हाय. दम लागतो ता म्हयनाभर लपवून ठेवलात तुमी. मना कलला कधी, तर जेट्टीवर मटकन बसलात तवा.

धर्माजी : झालं गं ते आता.

मृणाल : पण मग आजोबा, तुम्ही दर वर्षी जे हिरवे नर विकलेत...

धर्माजी : त्यातल्या कुणाकुणाच्या आत पांढरा असणार. लंगड्याच्या बापाच्या तर असणारच, लंगड्याच्या आईकडे काही असतं तर दिसलं असतं. तो मी विकला. पुण्याच्या एका कुटुंबानं पाव घ्यावेत तसा पिशवीतून नेला. पांढरा माझ्याच घरात जन्मत होता, मीच तो हिरवा कोट घालून बाहेर पाठवत होतो. लंगडा राहिला तो पाय वाकडा म्हणून. कुणी घेतला नाही म्हणून.

मृणाल : आणि मी रडले म्हणून.

धर्माजी : आणि तू रडलीस म्हणून. शिवाय आणखी एक आहे. गोल काठीवर त्याचा तोल जायचा. ज्याला धड बसता येत नाही त्याला मादी जवळ येऊ देत नाही. तू मागच्या दिवाळीत त्याच्या पिंजऱ्यात काय बसवलंस?

मृणाल : फळी. चपटी. आंब्याच्या पेटीची.

धर्माजी : त्या फळीवर तो उभा राहायला शिकला. पावसाळ्यात एक निळी एकटी पडली, तिला म्हटलं बघू, ठेवू याच्याजवळ. मला काही आशा नव्हती. मडकंही फुटकंच दिलं होतं.

मृणाल : मग तर तो आपलाच! आजोबा, तुम्ही त्याला देऊच शकत नाही.

धर्माजी : चिरागला पांढरी हवी आहे आणि ती ज्या जोडीची आहे ती जोडी हवी आहे. बाकीचं सामान तो तेवढ्यासाठीच उचलतोय. मी हो म्हटलंय.

मृणाल : त्याला कुठं माहितीय बाप कुठला ते? हिरवे नर अजून आहेत की तीन-चार. त्यातला एक द्या. सगळे सारखेच दिसतात.

धर्माजी : दिसतात सारखे. आणि तो दोन वर्षं त्या पाखराकडून पांढऱ्याची वाट बघत बसेल, मी बसलो तसा. नाही बाळा. विकायचं असेल तर खरं सांगून विकायचं.

मृणाल : मग विकूच नका!

धर्माजी : मग सगळं इथंच राहतं. नेणारा दुसरा कोण आहे? मी चार जणांना विचारलं. एकाला पिंजरे नको होते, एकाला म्हाताऱ्या माद्या नको होत्या. आणि मला आता रोज सकाळी ती खोली झाडवत नाही गं. राळ्याची फोलपटं उडतात, पिसं उडतात, मी दाराला धरून उभा राहतो. पाखरं मात्र म्हणतात, आज उशीर का?

मृणाल : मी येईन दर रविवारी. चौलहून एसटीनं येईन.

नलू : आनि सोमवारी कोन झाडील? मी? माजे गुडघे काय रोज नवीन येतात?

मृणाल : आजी, तू गप्प ना जरा. आजोबा, चिराग चांगला आहे का? म्हणजे, लंगड्याला नीट ठेवील का?

धर्माजी : खायला घालील. स्वच्छ ठेवील. दुकान चांगलं आहे त्याचं.

मृणाल : मग तुमचा चेहरा असा का झाला?

धर्माजी : कसा?

मृणाल : मी गणितात काहीतरी सोडलं की होतो तसा.

नलू : सांगा ना तिला. अर्धी शाळा नका घेऊ. पोर मोटी झाली आता.

धर्माजी : कशाला, नलू.

नलू : तुमी न्हाय तर मी सांगते. ऐक बाय. चिरागला एक पांढरी पुरनार न्हाय. त्याला पांढऱ्यांची रांग पायजे. मंग पांढरा शिंपला कोनाकडं हाय ता नक्की म्हाईत असलेला नर कुटला?

मृणाल : लंगडा.

नलू : मंग त्या पांढरीला जोडी कोनाची लावनार?

मृणाल : शी! तो तर तिचा बाप आहे.

नलू : रंग पक्का करायचा म्हनतात त्याला. बापाला लेक, भावाला बहीन. आपल्याकडं एका देवकाची सोयरीक चालत न्हाय, आनि मडक्यात काय पन चालतं.

मृणाल : सगळेच करतात असं?

धर्माजी : पुष्कळ जण करतात. रंग लवकर हवा असला की रक्ताबाहेर जायला वेळ नसतो. निळे निळे करताना मीही केलं. भावाबहिणीची जोडी लावली होती.

मृणाल : मग काय झालं?

धर्माजी : पिल्लं झाली.

नलू : डोले उघडले न्हाईत त्यांचे. धा दिवस झाले, पंधरा झाले, बाकीच्या मडक्यांतली टकामका बगायला लागली. ही आपली मान वर करून चोच उघडी ठेवायची, खायला कुठून येतंय ता कलायचा न्हाय. आवाज झाला का भिंतीकडं मान वलवायची. हे रात-रात बसायचे सुई घेऊन, न्हाय, ती औषधाची... बिनसुईची नली घेऊन. एकेक थेंब. वाचली न्हाईत. नारलाच्या बुंध्याशी मी पुरली. ह्यांच्यानं खड्डा खनवला न्हाय.

मृणाल : मला कधी सांगितलं नाहीत.

धर्माजी : तू तेव्हा बालवाडीत होतीस. पांढरा येणार, पांढरा येणार, एवढंच तुला ऐकू येत होतं.

मृणाल : म्हणजे चिराग लंगड्याला नेऊन...

धर्माजी : मी त्याला सांगेन. असं करू नकोस म्हणून सांगेन. तो हो गुरुजी म्हणेल. त्याला दुकान चालवायचंय, मला श्वास घ्यायचाय. आता मी कुणाला शिकवून सुधारीन असं वाटत नाही, मृणाल. दमलोय मी.

मृणाल : आजी, बोल ना तू काहीतरी.

नलू : मना गप्प बस म्हनालीस ना मगाशी?

मृणाल : चुकलं. बोल.

नलू : काय बोलू? मी तर पयल्या दिवसापासून बोलतेय. पिंजरा आला तवा बोलले, एकाचे दोन झाले तवा बोलले, माजी सुकी मासली ठेवायची खोली गेली तवा बोलले. समुद्रफेस येचायला मना किनाऱ्यावर पाटवायचे, पाखरांना चुना पायजे म्हनून. बोलले आनि गेले.

धर्माजी : फोन वाजतोय.

मृणाल : चिरागचा आहे. आजोबा, नका उचलू.

धर्माजी : दे इकडे. न उचलून काय होणार?

नलू : माज्याकडं दे. दे गं. आनि तुमी बसा, उठू नका, परत ढास लागंल. हालो. व्हय, मी गुरुजींची बायको बोलतेय. ते हायत, पन त्यांना बोलवत न्हाय. कुठंवर आलास? बरा. ऐक, चिराग. सगला सामान तयार हाय. पिंजरे ने, मडकी ने, राले ने. पांढरी ने, तिच्या आयशीसकट मडकं हाय तसा ने. तिचा बाप मिलनार न्हाय.

धर्माजी : नलू, मी शब्द दिलाय त्याला.

नलू : थांब रे चिराग. तुमी दिलात, मी दिला न्हाय. हां, बोल. व्हय, लंगडाच तिचा बाप. खोटा कशाला सांगू? न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय. का म्हनून इचारतोस? मी पुरलीत डोले नसलेली. तू पुरलीस का कदी? मंग गप ऱ्हा. परवडत आसंल तर टेम्पो आन, न्हाय तर तिकडनंच वलव. काय? ऱ्हाऊ दे, भाव पाड. पाड, पाड. तिच्या अंगावर मोती जडलेत असा आमी कुठं म्हनतोय? आनि गाडीवर बारदान घालून आन, पाखरांना वारा लागता कामा नये. हां. ये मंग.

मृणाल : येतोय?

नलू : येतोय. कुरकुर केलंन, पन येतोय. पांढरी सोडवत न्हाय त्याला.

धर्माजी : नलू, तूच म्हणालीस ना, एक पीस नको घरात?

नलू : घरात नकोच. लंगड्याला ही न्हेईल चौलला. वाडीत टांगंल, सुपारीखाली, उघड्यावर. हेमालीला मी सांगते. माजी लेक हाय ती, मना न्हाय म्हनायची न्हाय.

मृणाल : आई नाहीच म्हणेल. ती म्हणते पक्ष्यांची घाण कोण काढणार.

नलू : तू काडनार. रोज. रडून न्हाय, झाडूनं.

मृणाल : काढीन. शप्पथ.

धर्माजी : फळी सोडव. त्याच्याबरोबर जाऊ दे ती. आणि तार घट्ट आहे, पक्कड घे, हात कापून घेशील.

(टेम्पो गेल्यावर. पडवीतच.)

मृणाल : आजी काय करतेय आत?

धर्माजी : फिनेल ओततेय. वास येतोय ना.

मृणाल : खोली केवढी मोठी दिसते. मला वाटायचं ती बारकीशी आहे.

धर्माजी : बारकीच आहे.

मृणाल : पांढरी जाताना ओरडली नाही. चिरागनं मडक्यावर फडकं बांधलं तेव्हा तिनं फक्त चोच बाहेर काढली. तुम्ही त्याला सांगितलंत ना, तिला बाहेरच्या रक्ताचा नर बघ म्हणून?

धर्माजी : सांगितलं. शिंपले मांडून दाखवले.

मृणाल : मग?

धर्माजी : हो गुरुजी म्हणाला.

मृणाल : खरंच बघेल का?

धर्माजी : माहीत नाही. बाप तर त्याच्याकडे नाही. तेवढं एक झालं.

नलू : पानी घ्या. कोमट हाय. आनि तो लंगडा काय बोलत न्हाय तो? मगापासून नुसता फलीवर बसलाय.

धर्माजी : जन्मभर गलक्यात राहिलाय. आता एकट्याचा आवाज काढायचा म्हणजे जरा वेळ लागेल. पुढच्या सुट्टीत त्याला जोडी बघ, मृणाल. लांबची. आपल्या घरातून गेलेली नको. चौलला नाही मिळाली तर थेट मुरूडला जा, पण लांबची.

मृणाल : मग पिल्लं झाली की मी तुम्हाला लगेच फोन करीन. कुठला रंग आला ते सांगीन. तुम्हाला कुठला हवा?

धर्माजी : रंगाचं राहू दे. डोळे उघडले की फोन कर.